आत्याबाईंना माती द्यायची होती

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायची. आमच्या भागात तशी रीतच आहे. तर या आत्याबाईंनी मरणाची तयारी मरणाच्या कितीतरी आधीपासून चालवली होती. तयारी म्हणजे वाटण्या नव्हेत हो, वाटायला होतं काय? एक बरं लुगडं, दोन पितळी आणि दाराशी बांधलेली शेरडी. त्यांचं मागणं एकच होतं. मला जाळू नका, मला पुरा. आणि पुरायचं ते म्हाताऱ्याच्या शेजारी.

म्हातारा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना बघितलेलं नाही, माझं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं खडकाळ माळाचा एक तुकडा. ती आमच्या लोकांची पुरायची जागा. पिढ्यान् पिढ्या आमची माणसं तिथंच गेली. खड्डा, मीठ, माती, वर दगड, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या. सासऱ्यांच्या बाजूलाच आत्याबाईंची दोन लेकरं होती, एक पाळण्यातलं, एक नुकतं चालायला लागलेलं. शेतात भांगलायला जाताना आत्याबाई वाट वाकडी करून तिथून जायच्या. पाया पडायच्या नाहीत. धम्म घेतल्यापासून दगडाच्या पाया पडणं त्यांनी सोडलं होतं. नुसत्या उभ्या राहायच्या, एखादा दगड सरकला असला तर जाग्यावर बसवायच्या आणि चालायला लागायच्या.

हे मुद्दाम सांगते, कारण आत्याबाई देवभोळ्या होत्या असं कुणाला वाटायला नको. दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडताना वस्तीतल्या बाया रडत होत्या म्हणे, कोप झाला तर काय करायचं म्हणून. आत्याबाईंनी देवांची पाटी डोक्यावर घेतली, कृष्णेवर नेली आणि पालथी केली. वर म्हणाल्या, "इतकी वरसं आमी त्यास्नी धुतलं, आता नदी धुईल." अशी बाई होती ती.

पण धम्म आमच्या वस्तीत आला तेव्हा त्याच्याबरोबर सगळं समजावून सांगणारं कुणी आलं नाही. चीवर घातलेले भंते म्हणाल तर कधीतरी सांगली-मिरजेहून कुणी घेऊन आलं तर. लग्न कसं लावायचं, पोराचं नाव कसं ठेवायचं, माणूस गेल्यावर काय करायचं, ज्याला जसं उमजेल तसं चाललेलं. मग आमची पोरं शिकली, चार गावं बघून आली, आणि घरोघरी सांगायला लागली की बौद्ध माणूस असं करतो आणि तसं करत नाही. त्यातच हे आलं, की बौद्ध माणूस मढं पुरत नाही, दहन करतो.

सांगणाऱ्यांत सगळ्यांत पुढं माझा चुलत दीर. कराडच्या कॉलेजात शिकायला होता आणि वस्तीतल्या तरुण मंडळाचा म्होरक्या होता. पोरगा वाईट मुळीच नव्हता. उलट इतका गुणी की संध्याकाळी आम्हा बायांना विहारात बसवून अक्षरं शिकवायचा. विहार म्हणजे आमचा जुना तक्क्याच, पूर्वी वस्तीची बसायउठायची जागा होती ती. पत्रे नवे टाकले, भिंतीला निळा रंग दिला, बुद्धाची मूर्ती बसवली, झालं विहार. आज मी हे लिहिते आहे, त्यातली पहिली अक्षरं त्या दिराच्या हाताखालची.

तो आमच्या उंबऱ्यावर येऊन टेकला की आत्याबाई त्याला हटकून छेडायच्या.

"का रं, ठरलं का मला जाळायचं?"

"चुलते, तसं कशाला म्हंतीस? भगवान बुद्धालासुदिक अग्नीच दिला हुता."

"त्यो राजाचा ल्योक. त्याला चंदन मिळालं आसंल. मला काय, उसाचं पाचट?"

आम्ही हसायचो. आत्याबाई हसायच्या नाहीत.

"आन् परवा वरल्या आळीची मुसलमानाची म्हातारी गेली, तिला पुरलीच की. तिला कोण इचारतंय का, मातीत का गं गेलीस म्हणून?"

"त्यास्नी त्यांचा धर्म हाय, चुलते. आपल्याला आपला."

"मग आपल्या धर्मात कुठं लिवलंय, म्हातारीला पुरू नगा म्हणून? तेवढं दाव. मला वाचाय येत न्हाई, तू वाच."

दीर हसायचा, पण सोडायचा नाही. त्याचं खरं म्हणणं निराळंच होतं, आणि तेही ऐकून घ्यावं असंच होतं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा गावानं नदीकाठी नवं स्मशान बांधून घेतलं. दगडी चौथरा, वर पत्र्याची शेड, सरण रचायला लोखंडी चौकट. दुष्काळी कामावरच झालं ते. खडी फोडली आमच्या वस्तीतल्या बायांनी. मी फोडली, आत्याबाईंनी फोडली. डोळ्यांत कपच्या जायच्या आणि जेवायला सुकडी मिळायची. बांधून झालं, आणि गाव म्हणालं, तुमची जागा ओढ्याला आहे की, इकडं कशाला येताय?

"खडी फोडाय आमी, आन् जळाय तेवढं तुमी?" दीर म्हणायचा. "सरकारी पैशाचं हाय ते. चुलते, मेल्यावर तरी गावात यायचं का न्हाई आपण?"

"मेल्यावर कशाला? जित्तेपणी घ्या म्हणावं," आत्याबाई म्हणायच्या, पण हे जरा हळू. त्यांनाही ते पटत होतं. मला तर पुरतंच पटत होतं. अडचण तिथंच होती.

पुढं आत्याबाईंचा दमा वाढला. बसून बसून रात्री काढायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "सूनबाई, तुला ठाव हाय मला काय पायजे ते."

मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्या हातात काय हाय? तुमच्या लेकाला सांगा."

आमचे मालक रेल्वेत गँगमन. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं मैलोन् मैल चालायचं आणि रूळ बघायचे, हे त्यांचं काम. स्वभावही तसाच, खाली बघून चालणारा. सुट्टीला घरी आले तसं आत्याबाईंनी त्यांना हाताला धरून वाकळेवर बसवलं.

"मला तुझ्या बाच्या शेजारी ठेव. व्हय म्हण."

"आई, काय बी हुईत न्हाई तुला."

"व्हय म्हण की रं."

त्यांनी मान हलवली.

"नुसती मुंडी हालवू नगंस. तोंडानं म्हण."

"व्हय, आई."

आत्याबाईंनी त्या दिवशी भाकरी मागून खाल्ली. कितीतरी दिवसांनी.

पावसाळा सरत आला होता आणि नदी अजून भरलेली होती, तेव्हा त्या गेल्या. सकाळी मी चहा घेऊन गेले तर भिंतीला टेकून बसलेल्या, तशाच. दिराची पोरं सायकली घेऊन गावोगाव निरोप द्यायला गेली. पूर्वी गावात कुणीही मेलं की त्याचा सांगावा घेऊन पायी पळायचं काम आमच्या माणसांचं होतं. धम्म घेतला आणि आम्ही ते सोडलं. आता आपल्याच माणसाचा सांगावा आपली पोरं घेऊन निघाली, याचंसुद्धा मला त्या दुःखात कुठंतरी बरं वाटलं.

मालक आले. आईच्या पायाशी बसले. थोड्या वेळानं दीर आला, त्याच्या मागं वस्तीतली बरीच माणसं. दीर त्यांच्या शेजारी टेकला.

"दादा, तुझं दुख मला कळतंय. पर ऐक. चुलती धा गावाला ठाव असलेली बाई. आज जेवढी माणसं येत्यात तेवढी पुन्यांदा कवा जमायची? आज आपण चौथऱ्यावर गेलो तर कोण आडवील?"

"मी आईला सबूद दिलाय," मालक म्हणाले.

"आमास्नी ठाव हाय, गड्या," वस्तीतला एक म्हातारा म्हणाला. "पर तू आज ओढ्याला गेलास, तर उद्या माझ्या टायमाला माझी पोरं कुणाच्या जिवावर ताठ व्हायची?"

मी मढ्याच्या उशाशी बसले होते. बायांनी असल्या बोलण्यात पडायची रीत नव्हती, पण अक्षरं शिकवणाऱ्यानंच आम्हाला शिकवलं होतं की धम्मात बाईमाणसाला तोंड आहे. मी तिथूनच म्हणाले, "भावजी, माळ निम्मा उसाखाली गेलाय. खालच्या मळ्यावाल्यानं नदीवरनं पाणी आणल्यापास्नं दर साली नांगराची चार तासं पुढं सरकतोय त्यो. औंदा नांगर मामंजींच्या उशाला आलाय. आज आत्याबाईंस्नी तितं न्हाई नेलं, तर ती जागा बी गेली म्हणून समजा. चौथऱ्यावरली मिळवाय निघालाय, आन् हातातली सोडताय?"

दीर विचार करणारा होता, त्यानं विचार केला. म्हणाला, "वैनी, खरं हाय तुमचं. दोन्ही धरू. आज ही, मग ती."

मग एक दुसरा पोरगा बोलला, आणि त्याचं बोलणं मला अजून टोचतं. "वैनी, पुरायची रीत आपली कुठली? आपल्याला लाकूड मिळू देत न्हवते, म्हणून आपण पुरत हुतो. गरिबीची रीत ती, आपण उराशी धरून बसलोय."

असेल. नसेलही. मला ठाऊक नाही. पण आत्याबाईंची माणसं तिथं होती, रीत कुठून का आलेली असेना.

सगळे मालकांच्या तोंडाकडं बघायला लागले. ते आईच्या पायाकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी समदी म्हणताय तर..." आणि पुढं बोललेच नाहीत. तेवढं पुरलं. पोरं बांबू आणायला उठली.

पांढरे कपडे घातलेली एवढी माणसं आमच्या गावानं आधी पाहिली नव्हती. बाया पण होत्या, विधी करायला आलेल्या बौद्धाचार्यांनी सांगितलं की बायांनीही यावं. मी जन्मात पहिल्यांदा मातीला चालले होते. चौथऱ्याच्या अलीकडं गावातली माणसं वाट अडवून उभी होती, काहींच्या हातांत काठ्या, बहुतेकांच्या नव्हत्या. सरपंच पुढं आले.

"आजचा दिस ऱ्हाऊ द्या. पुढच्या टायमाला बसून ठरवू."

"मढ्याला तारीख देताय व्हय, सरपंच?" दीर म्हणाला.

"आरं, म्हातारी आमची बी हुती. ल्हानपणी पुरात मला तिनं खांद्यावर घिऊन पाण्यातनं काढलाय. मी इसरलो न्हाई."

आमच्यातली एक म्हातारी पुढं सरकली. "मग आता तू तिला खांद्यावर घे की, बाबा."

सरपंचांनी मान खाली घातली, पण वाट सोडली नाही.

तिरडी जमिनीवर ठेवली. ऊन चढत गेलं. पावसानंतरचं ऊन कसं असतं, अंगाला चिकटतं. माश्या बसायला लागल्या. मी पदरानं वारा घालत बसले, मालक उशाशी उभे, सावली पडावी म्हणून. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या आया-बहिणी काढत होती आणि मध्ये आत्याबाई. माझ्या मनात एकदा आलं, उठावं आणि ओरडून सांगावं, ओढा इथनं लांब नाही, चला. पण मागं वळून बघितलं तर आमची पोरं अशी उभी होती, जशी मी त्यांना कधी बघितली नव्हती. कुणी खाली बघत नव्हतं. माझ्याच्यानं उठवलं नाही.

दुपार कलली तेव्हा तालुक्याहून फौजदार आले. त्यांनी कायदा सांगितला, दोन-तीन जणांना दम दिला, आणि गाव बाजूला झालं. आम्हाला म्हणाले, लवकर उरका.

लाकडं ओली होती. वखारवाल्यानं आम्हाला तीच दिली. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मालकांनी अग्नी दिला, पण सरण पेटेना. नुसता धूर. मग पोरांनी कुणाच्या तरी फडातलं उसाचं पाचट भारे बांधून आणलं, घासलेट ओतलं, तेव्हा कुठं भडकलं. मी मालकांकडं बघितलं नाही. त्यांनाही आईचं बोलणं आठवलं असणार.

जाळ वर गेला तसा पोरांनी जयजयकार केला. दीर रडत होता आणि ओरडत होता. खोटं कशाला सांगू, माझाही ऊर भरून आला. त्या चौथऱ्यावर मी पाय ठेवला होता, उजळ माथ्यानं, आणि खाली मीच फोडलेली खडी होती. आणि त्याच चौथऱ्यावर आत्याबाई जळत होत्या, ज्यांनी एवढं एकच नको म्हणून सांगितलं होतं. ही दोन्ही एकाच वेळी कशी काय मनात राहतात, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख भरायची असते. मालक पहाटे उठले. नवं मडकं घेतलं, आणि खुरपं घेतलं. खुरपं कशाला, मी विचारलं नाही. वाटेत तेच बोलले.

"बाच्या शेजारी ठेवू. हाडं तर हाडं. निम्मा तरी सबूद पुरा हुईल."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, "मी दगूड आणती, तुमी खड्डा काढा." आम्ही भराभर चालायला लागलो. त्यांच्या चालीत जीव आला होता.

चौथरा धुतलेला होता. नुसता धुतलेला नव्हे, शेणानं सारवलेला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, मधोमध फोडलेला नारळ. लोखंडी चौकटसुद्धा घासून काढलेली. राख नावाला नव्हती.

पलीकडं एक धनगर म्हातारा मेंढरं पाण्यावर घेऊन आला होता. मालकांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काल सकाळच्यालाच धुतलं. बामण आणला हुता. घागरीवर घागरी वतल्या आन् समदं नदीत लोटलं. मला वाटलं, तुमास्नी ठाव आसंल."

मालक मडकं खाली ठेवून पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात वाकून चिखल चाचपायला लागले. मूठ भरून वर काढायचे, बोटांनी चोळायचे, बघायचे, सोडून द्यायचे. कोळसे सापडत होते. पण कोळसे लाकडाचेही असतात. मी काठावर उभी राहून बघत होते.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं असावं, दीर आणि त्याची पोरं पळत आली. चौथरा बघून दिराचं डोकंच फिरलं. "केस करू. सोडायचं न्हाई आता. दादा, तू वर ये, आत्ताच्या आत्ता फिर्याद देऊ."

मालक पाण्यातच सरळ उभे राहिले.

"काय लिवायचं फिर्यादीत? आई चोरीला गेली म्हणून?"

"दादा, मी..."

"तुमची जागा तुमास्नी मिळाली. माझी आई मला द्या."

आवाज चढवला नव्हता. आमच्या घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. दीर तिथंच बसला, सारवलेल्या पायरीवर. मग त्यानं पायजमा वर घेतला आणि तोही पाण्यात उतरला. दोघे भाऊ वाकून चिखल चाचपत राहिले. बाकीची पोरंही उतरली. ऊन वर येईपर्यंत सगळे पाण्यात होते. काही सापडलं नाही. नदी वाहती होती, तिला कोण काय म्हणणार?

फिर्याद दिली गेली, दिरानंच दिली. पुढं त्याचं काही झालं नाही. आमच्या वस्तीतलं पुढचं माणूस गेलं तेव्हा पुन्हा चौथऱ्यावरच नेलं, आणि गावानं पुन्हा धुतला. त्याच्या पुढच्यालाही धुतला. मग धुणाऱ्यांनाच कंटाळा आला म्हणा किंवा लाज वाटली म्हणा, धुणं थांबलं. आता कुणी बघतसुद्धा नाही, कुणाचं सरण आहे ते. हे त्या पोरांनी मिळवलं, माझ्या दिरानं मिळवलं, आणि ते नसतं मिळवलं तर आजही आम्ही ओढ्याच्या पलीकडंच असतो, हे मी कुणालाही सांगेन.

माळ मात्र राहिला नाही. 'मग ती' म्हणाला होता दीर, पण ती कधी आलीच नाही, नोकरीसाठी तो मुंबईला गेला. उसाच्या पुढच्या लागणीला नांगर सगळ्या माळावरनं फिरला. दगड बांधावर रचले. मी एकदा बघून आले. ऊस डोक्याच्या वर गेला होता, मामंजी कुठं आणि लेकरं कुठं काही कळेना. मालक कधी गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांच्यात कायमची झाली. पौर्णिमेला विहारात वंदना असते, सगळे मिळून पंचशील म्हणतात. मालकांचा आवाज मोठा नव्हता, पण मी शेजारी बसायची, मला ऐकू यायचा. पहिली तीन शीलं ते म्हणायचे. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं ते गप्प व्हायचे, हात जोडलेलेच, आणि पाचव्याला पुन्हा सुरू करायचे. मला वाटलं, काही दिवस होईल असं. पण कितीतरी वर्षं ते चौथं शील त्यांनी घेतलं नाही. मी एकदा म्हटलं, "आवं, तुमी कुठं खोटं बोललाय? तुमास्नी बोलूच दिलं न्हाई कुणी."

"व्हय म्हणलो हुतो की," ते म्हणाले.

दिरानंही एकदा मला विचारलं. मुंबईहून आला होता, केस पांढरे झालेले. मालक तोवर गेले होते, त्याच चौथऱ्यावरून. म्हणाला, "वैनी, आमी चुकलो का वो?" मी म्हटलं, "भावजी, तुमी चुकला आसं मी म्हणत न्हाई. पर त्या म्हातारीचं बी कुठं चुकलं हुतं?" त्यानं चहा तसाच ठेवला.

आता माझं वय झालं. मुलं अधूनमधून विचारतात, आई, तुझं काही मनात आहे का, म्हणजे पुढचं? मनात आहे, नाही असं नाही. पण मी सांगत नाही. सांगितलं की त्यांना व्हय म्हणावं लागेल.